कोपराने उघडणारं दार

मी एक रंधा. धुळ्याच्या लोहाराने माझं पातं घडवलं आणि १९३९ साली सरकारी अनुदानातून मला मुलांच्या सुधारगृहात आणलं. गुन्हा केलेली मुलं तिथे गिरधर मास्तरांकडे सुतारकाम शिकत.

पुना चौदा वर्षांचा. धरणगावच्या एका जिनिंगच्या आवारात पैजेखातर त्याने कापसाच्या गंजीत पेटती काडी टाकली होती. सुरुवातीला तो मला रागानेच लाकडावर रेटायचा. कुणी विचारलं तर म्हणायचा, काडीच तर टाकली.

एक दिवस मास्तरांनी जिनिंगचे राखणदार हाशमचाचा यांना बोलावून आणलं. आग लागली तेव्हा ते आवारातच होते आणि विझवायला तेच धावले होते. चाचांनी चादरीखालून हात काढले. बोटं एकमेकांना चिकटून गोळा झालेली. पुनाच्या हातातून मी खाली पडलो. आयुष्यभर लाकूड सोललं, पण अशी कातडी मी पाहिली नव्हती.

"आवारमा माणूस शे हाई माले माहीत नव्हतं," पुना कसाबसा म्हणाला.

चाचा म्हणाले, आता घराची कडीही काढता येत नाही. बायको नूरबी मजुरीवरून येईपर्यंत दाराबाहेर उन्हात बसून राहावं लागतं.

मास्तरांनी पुनाकडे पाहिलं. "आता तू काय करशील?"

दोन दिवस तो नीट जेवला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने फळ्या ओढल्या. दोन दारं बिघडली, तिसरं जमलं. त्याला कडी नव्हती, लाकडी खटका होता. कोपराने दाबला की दार उघडायचं. धरणगावला ते बसवलं तेव्हा मीही सोबत होतो. चाचा दोनदा आत-बाहेर करून आले. मग म्हणाले, "हात मी विसरणार नाही, बेटा. पण आत ये, पाणी पी."

पुढच्या तपासणीला सरकारी साहेब आले. त्यांनी मुलांना मारलेल्या फटक्यांची नोंद मागितली. मास्तरांनी दाराची गोष्ट सांगितली. ही शिक्षा नव्हे, असं म्हणून साहेब निघून गेले. महिन्याभरात सुतारकामाचं अनुदान बंद झालं. लढाईमुळे पैसा नाही, असं कारण आलं.

आता मी सुधारगृहाच्या कचेरीच्या कोठीत गंजतोय. परवा शेजारी वेताच्या नव्या छड्यांचा भारा येऊन पडला. यांच्यासाठी पैसा होता.

आज सकाळी त्यातली एक छडी उखर्डू नावाच्या पोरासाठी बाहेर गेली आणि थोड्या वेळाने परत आली. त्याच्यामुळे कुणाचं काय बिघडलं, हे त्याला दाखवायला कुणालाच बोलावलं नव्हतं.