लाहाचं जेवण

फुलीबाईने उजाडायच्या आत वीस माणसांच्या बेताने उडदाची डाळ हंड्यात सोडली आणि पदराला हात पुसत वाटेकडे पाहिलं. आज तिच्याकडे लाहा होता. लाहाला पैशाचं नाव काढायचं नसतं. सगळ्या पाड्याने एकाच्या शेतात राबायचं, त्याने पोटभर जेवू घालायचं, मग पुढच्याच्या शेतात. तिच्या ज्वारीत गवत गुडघ्याला आलं होतं. आता निंदलं नाही तर वर्षाचं खाणं गवतच खाणार होतं.

वाटेने आली ती पुतण्याची, गोकुळची, पिकअप. मागे पाड्यातल्या बाया दाटीने उभ्या. घाट उतरून प्रकाशा गावाकडच्या पपईच्या मळ्यांत निघालेल्या. त्यांतली धनुबाई उगाच पदर सारखा करत राहिली. गेल्या साली तिच्या शेतात सगळ्यांच्या आधी फुलीबाई उतरली होती.

"गोकुळ, माझ्या लाहाच्या बाया कुठं नेतोस?"

"मी कुठं नेतो, काकी? त्याच येतात. तिकडं रोख मिळतं. कुणावर जबरदस्ती नाही."

"जबरदस्ती केली असतीस तर बरं होतं. टाळक्यात विळा घातला असता. आता कुणाच्या घालू?"

बाया हसल्या. धनुबाईही हसली. पिकअप गेली.

फुलीबाई एकटीच निंदत राहिली. दिवस मावळताना मागे वळून पाहिलं, तर साफ झालेला तुकडा खाटेएवढा. डाळ आंबली.

दोन-तीन दिवसांनी ती गोकुळच्या दारात गेली. पाड्यात स्लॅब पडलेलं ते एकच घर. ती ओट्यावर टेकली नाही.

"बोकड विकलाय. मळेवाले देतात तेच देईन."

"माझं दर माणशी कमिशन वेगळं असतं, काकी."

"तेही घे. काकी म्हणून सोडलंस तर मळेवाले तुला नावं ठेवतील."

दुसऱ्या दिवशी त्याच बाया आल्या. घरं हाकेवर, तरी पिकअपमधून उतरल्या. लाहात गाणी असतात, एकमेकींच्या नवऱ्यांची टिंगल असते. आज खाली माना आणि विळ्यांचा आवाज. काम मात्र झपाट्याने झालं. त्यात खोट काढायला जागा नव्हती.

दुपारी फुलीबाईने भाकरीची टोपली उचलली. बाया महूच्या झाडाखाली आपापले डबे उघडून बसल्या होत्या.

"अगं, डाळ शिजलीय ना."

"राहू दे, फुलीबाय," धनुबाई हलकेच म्हणाली. "मजुरीत जेवण नसतं."

टोपली हातातच राहिली. तेवढ्यात गोकुळ पैसे न्यायला आला आणि हंड्याशेजारी मांडी घालून बसला.

"वाढ, काकी. तुझ्या हातची डाळ आता कुठं मिळते?"

तिने वाढली. त्याने दोनदा मागून घेतली. तिसऱ्यांदा फुलीबाईने न मागताच पळी भरली. हंडा वीस माणसांचा होता.