दोनशे बटणांचा फ्रॉक

भोपळ्याचे गाल मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेत. डावा गाल सकाळी दारात यायचा, उजवा यायला दुपार व्हायची. खोटं वाटत असेल तर त्याच्या काकूला विचारा. तिच्याइतके ते गाल कुणीच निरखले नसतील.

काकू म्हणजे थोरली जाऊ. कोटांना पितळी बटणं लावायचं काम ती घरी आणायची. धाकटी लसूण सोलायची. दोघींत मिळून पत्र्याची एकच खोली, मधे चादर. चादरीच्या अलीकडे थोरलीची दीड वर्षाची लेक, काडी. पलीकडे धाकटीचा तेवढाच लेक, भोपळा. काडी इतकी बारीक की थोरली तिला आधी चाचपून शोधायची, मग पांघरूण घालायची.

गल्लीतली येणारी-जाणारी बाई भोपळ्याचा गालगुच्चा घ्यायची आणि काडीकडे बघून म्हणायची, "हिला खायला घालतेस की नाही?" थोरलीच्या पोटात असं पेटायचं की त्यावर दोन वेळचा स्वयंपाक झाला असता.

"काय गं भरवतेस त्याला?" तिने एकदा चादरीआडून विचारलंच.

"काही नाही हो जाऊबाई. चहात बुडवलेला टोस्ट. दुसरं काही तोंडात घेतच नाही मेला."

'लपवतेय,' थोरली मनात म्हणाली. तरी त्या दिवसापासून काडीलाही चहा-टोस्ट सुरू झाला. गाल काही आले नाहीत, जुलाब तेवढे आले.

महिन्यातून एकदा नर्सबाई यायच्या आणि नळाजवळच्या खांबाला वजनाचा काटा टांगायच्या. पोर झोळीत बसवायचं, की कार्डावर लाल, पिवळ्या नाहीतर हिरव्या पट्ट्यात टिंब. लाल म्हणजे वजन फारच कमी, हिरवा म्हणजे पुरेसं. मागच्या खेपेला काडीचं टिंब सगळ्यांदेखत लालमध्ये पडलं होतं, भोपळ्याचं हिरव्यात. या खेपेला थोरलीने काडीच्या फ्रॉकच्या अस्तरात दोनशे पितळी बटणं शिवली.

"कपडे काढा हिचे."

"राहू द्या बाई, कालच ताप उतरलाय."

काडी झोळीत बसली आणि खांब कण्हला. "अरे वा, हिरवा!" नर्सबाई म्हणाल्या. "आता हिला खाऊची पाकिटं नकोत."

थोरलीने धाकटीकडे असं पाहिलं की तिथल्या तिथे लसूण भाजून निघावा.

मग भोपळा. तो हसेना, रडेना. नर्सबाईंनी काट्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी त्याच्या पावलावर अंगठा दाबून तीन आकडे मोजले आणि उचलला. मळलेल्या पिठात बोट रुतावं तसा खड्डा राहिला. दुसऱ्या पावलावरही तसाच.

"हे बाळसं नाही, सूज आहे. पोटात सकस काही जातच नाही, म्हणून अंगात पाणी साचलंय. आत्ताच्या आत्ता भरती करायचं." त्यांनी दवाखान्याच्या गाडीला फोन लावला. धाकटीने भोपळ्याला झोळीतून काढून पोटाशी धरलं.

थोरलीचा मात्र जळफळाट. आता गाडीही त्यालाच, डॉक्टरही त्यालाच! तिने चिडून काडीच्या पावलावर अंगठा दाबला. खड्डा पडेना, दाबायला मांसच नव्हतं, थेट हाड लागलं. चहा-टोस्ट आठवला आणि तिने नर्सबाईंचा हात धरला.

"माझीला पण न्या!"

"तुमची हिरव्यात आहे हो."

थोरलीने फ्रॉकची शिवण दातांनी उसवली. बटणं खळाखळा सांडली, पार गटारापर्यंत गडगडत गेली. गल्ली तोंडाला पदर लावून हसली.

"हसा. पण पुन्हा तोला हिला," ती म्हणाली. टिंब लालमध्ये पडलं, मागच्यापेक्षाही खाली.

दवाखान्यात दोन खाटा शेजारीशेजारी मिळाल्या. आठ दिवसांत भोपळ्याची सूज उतरली आणि आतून दुसरी काडी निघाली. डॉक्टर औषधाचं दूध मापून द्यायचे. काडी गटागटा प्यायची. भोपळा ओठ घट्ट मिटून घ्यायचा.

"जाऊबाई, काय करता हो तुम्ही? ही कशी पिते?" धाकटीच्या डोळ्यांत आता तीच आग होती.

'काही नाही,' असं थोरलीच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं आणि भोपळ्याला दुसऱ्या मांडीवर ओढलं. एक चमचा काडीला. दुसरा भोपळ्याला, ओठ बंद. तो चमचा तिने त्याच्या नाकासमोरून काडीकडे वळवला, तसं भोपळ्याने कपाळाला आठ्या घालून हे एवढं तोंड उघडलं.

पोरगं अगदी काकूवर गेलं होतं.