पट्टीखालचा शेवट

बाबा गेल्याच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीला आलेली माणसं ब्लिनी, म्हणजे आमची पातळ धिरडी, खाऊन दुपारीच निघून गेली. फोटोपुढे बाबांच्या नावानं ठेवलेला वोदकाचा पेला आणि त्यावर काळ्या पावाची चकती तशीच होती. मागे राहिली फक्त आग्नियामावशी. बाबांच्या रचना स्वच्छ अक्षरात उतरवून देण्यात तिचं आयुष्य गेलं.

सोमवारी प्रकाशनगृहाच्या इन्ना ल्वोव्ना बाबांच्या पियानोवरच्या दुसऱ्या सोनाटाचं हस्तलिखित न्यायला येणार होत्या. ही रचना पहिल्यांदाच छापली जाणार होती, आणि मला तिचा खरा शेवट छापायला हवा होता.

एकोणपन्नास साली बाबांनी ती संगीतकार संघात, रिवाजाप्रमाणे सहकाऱ्यांपुढे वाजवून दाखवली. शेवट फार खिन्न आहे, असं सगळ्यांनी एकमतानं सांगितलं, आणि त्या काळी खिन्न संगीत म्हणजे सरकारविरोधी संगीत. बाबांचं संगीत तसंच होतं. डाव्या हातात लांबच्या घंटांसारखे जड, खोल सूर आणि वर तीन-चार सुरांभोवती घुटमळणारी, कुठंच न पोचणारी धून. आठवड्याभरात त्यांनी कागदाच्या एका पट्टीवर जल्लोषाचा शेवट लिहिला आणि ती पट्टी जुन्या ओळींवर खळीनं चिकटवली. जुना शेवट मी सहा वर्षांची असताना पियानोखाली बसून ऐकला होता.

मी किटली ठेवली, पान वाफेवर धरलं आणि पट्टीचा कोपरा उचकटायला लागले.

"हळू. तुझ्या बापाला दोन ओळी लिहायला महिना लागायचा, तू कुणावर गेलीस?" मावशी म्हणाली. पण ती पानाकडे बघत नव्हती.

पट्टी सुटली. खाली एकही सूर नव्हता. कागद ब्लेडनं खरवडून पातळ केलेला, त्यावर नुसती लव उभी राहिलेली.

"ब्लेड माझं होतं," मावशी म्हणाली. "मी तुझ्या बापाला म्हटलं, ग्लेब, नुसतं चिकटव, कुणाला दिसतंय? तो म्हणाला, खाली राहिलं तर उद्या कुणीतरी वर काढील, आणि जाब माझ्या पोरीला द्यावा लागेल."

मी पियानोशी बसले. जुन्या शेवटातले घंटांसारखे पहिले दोन सूर हाताला सापडले. त्यापुढचं आठवेना. मी अंदाजानं काहीतरी वाजवलं. ते वाईट नव्हतं.

मावशीनं ते शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "तू वाजवलंस ते लिहून देईन मी. त्याच्याच अक्षरात. कुणाला कळायचं नाही."

मी तिचा हात धरून ठेवला आणि नको म्हटलं. मग स्वयंपाकघरात जाऊन थोड्या पिठाची खळ शिजवली आणि पट्टी होती तिथं परत लावली. जरा तिरकीच बसली.

सोमवारी इन्ना ल्वोव्नांनी उभ्या उभ्या पानं चाळली. शेवटच्या पानावर त्या थांबल्या आणि म्हणाल्या, इतकं सगळं दुःख, आणि शेवट मात्र किती उजळ केलाय त्यांनी.

मी हो म्हटलं आणि हस्तलिखित त्यांच्या हाती दिलं.