काळ्याखालचा काळा

शरदातली सांज अमेरिकेतल्या ओहायो नदीवर उतरली होती. ताम्रवर्ण, धूम्रवर्ण, पानगळीच्या गंधाने जडावलेली सांज. काठावरच्या नाट्यगृहात, मागल्या खोलीत अँब्रोज टली आरशासमोर बसला होता.

पुढ्यातल्या बशीत बाटल्यांची बुचे जाळून कालवलेली काजळी होती. काळ्यांची नक्कल करणारे गोरे नट ती फासत. आता अँब्रोजसारखे जातिवंत काळे नट आले, तरी रीत तीच राहिली. देवाने दिलेला रंग तिकीट काढणाऱ्यांना पुरत नव्हता! इतरांना तोंडाला काळे फासणे म्हणजे नामुष्की. त्याची ती नोकरी होती.

आज मात्र त्याला त्या काजळीची भीती वाटत होती. गुलामीच्या दिवसांत, लिलावात, त्याच्यापासून तोडलेली थोरली बहीण केझाया याच गावात धुणी धुते, असे त्याला सकाळी कळले. त्याने निरोप धाडला. तिचा उलट निरोप आला, की वर माडीवर, काळ्यांच्या बाकांवर बसेन; नाव काय, कुणीही सांगेल, तुझ्यात बाबांचा चेहरा दिसला तरच भाऊ म्हणेन. आणि खेळ संपताच नाटकमंडळीची आगबोट सुटणार होती.

आज तेवढे कोऱ्या चेहऱ्याने उभे राहू द्या, असे त्याने मंडळीच्या मालकाला विनवले.

"कोरा काळा लोकांना हसवत नाही, अँब्रोज," मालक म्हणाला. "घाबरवतो."

पडदा उघडला. दिव्यांची पीतप्रभा, डफांचा झणत्कार. सहा काळीकुट्ट तोंडे, सहा लालभडक हसू. माडीच्या कठड्यावर एक कृश स्त्री वाकली होती. तिची नजर तोंडातोंडांवरून फिरली, त्याच्यावर आली, क्षणभर थबकली, पुढे गेली. मग ती उठली आणि दाराकडे वळली.

अँब्रोजच्या काळजाचे पाणी झाले. त्याने गाणे अर्ध्यावर सोडले. घामेजल्या गालावर त्याने बाही दाबली आणि ओढली. कपाळावरून, ओठांवरून, पुन्हा पुन्हा, कातडी सोलल्यासारखी.

काळ्याखालून काळाच निघाला! प्रेक्षागृहात हास्यकल्लोळ उसळला. असा विनोद त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

त्या गदारोळाने ती दाराशी थांबली, मागे वळली. तिचे ओठ हलले. ऐकू येणे शक्यच नव्हते, तरी त्याला कळले: ती "बाबा" म्हणाली होती.

लोक हसत होते, डफ वाजत होते. आणि अँब्रोज वर बघत, लवून लवून मुजरे करत, ढसढसा रडत होता.