गळ्याचा कागद

अनुयानं तारेतून अकरावा कागद ओढून काढला, कोपऱ्यातली तारीख वाचली आणि दात आवळले. चौदा तारीख, तिसरा महिना. बेरीज सतरा, म्हणजे सात. पहिल्या बक्षिसाच्या नंबरचा शेवटचा आकडाही सातच.

"जुळला?" खाटेवरून तिच्या बापानं, कृष्णकांतनं, विचारलं.

"जुळला."

"अकरापैकी अकरा. आता बोल की."

पैज तिनंच लावली होती. तारखेत महिना मिळवायचा आणि बेरजेचा शेवटचा आकडा ज्या तिकिटाला असेल तेच घ्यायचं, ही अप्पांची युक्ती. दोन वर्षं दर आठवड्याला ते स्टँडसमोरच्या स्टॉलवरून लॉटरीच्या निकालाचा छापील कागद आणत होते. जुन्या निकालांवर युक्ती फसली तर शिलाई मशीन घरात राहणार. टिकली तर पाच वाजता मुबारकचाचा मशीन विकत घेऊन जाणार आणि अप्पा त्या पैशांची दिवाळी बंपरची तिकिटं आणणार. शाळा सोडल्यापासून अनुया त्याच मशीनवर फ्रॉक शिवायची. दुसरं कुठलं काम तिनं दोन दिवसांच्या वर टिकवलं नव्हतं.

"दोन वर्षं झाली अप्पा. मग कागद अकराच कसे?"

"बाकीचे फाटले असतील."

"बरोबर बघून बघून फाटले?"

"एवढं डोकं शाळेत चालवलं असतंस तर बाई झाली असतीस गणिताची."

अनुयानं तार भिंतीवर आपटली. खाली फरशीवर सुमती कापड बेतत होती. तिनं मान वर केली नाही. कापडावर बाहीचा कागद ठेवून ती खडूनं रेघ मारत होती. त्या कागदावर अर्धवट अक्षरं होती. प्रथम बक्षी.

"आई, हे कागद कुठले?"

"नंबर आला नाही की तुझे अप्पा चोळामोळा करून फेकतात. जाड कागद असतो. मी इस्त्री फिरवून त्यांची मापं कापून ठेवते."

अनुयानं दारामागचा गठ्ठा खाली ओढला. बाह्या, पट्ट्या, झबल्यांच्या पाठी. ती एकेक वाचत सुटली.

"सहा जूनची बाही. दोन हवा, आलाय नऊ. बावीस ऑगस्टची पाठ. शून्य हवा, आलाय चार. ऐकताय ना?"

"ऐकतोय."

तेवीस कागद झाले. एकही जुळला नाही. कृष्णकांत उठून बसला होता. त्यानं गठ्ठा स्वतःकडे घेतला, उलटासुलटा केला आणि एक कागद वर धरला. झबल्याचा पुढचा भाग. खांद्यावर पाच सप्टेंबर, मध्ये गळ्याचं भोक.

"हा राहिला."

"त्यात नंबरच नाही."

"तेच म्हणतोय. नंबर गळ्यात गेला. मी चुकून जुळलेला फेकला असेल तर? मग तुझं सगळं गणित गेलं."

"अप्पा, तेवीस फसले."

"हा बघू, मग बोलू."

अनुयाला तो कागद फाडून टाकावासा वाटला. एवढ्यात सुमती म्हणाली,

"गळ्याचे तुकडे मशीनच्या ड्रॉवरमध्ये आहेत. उरलेला दोरा गुंडाळते मी त्यांवर."

ड्रॉवरमध्ये सहा तुकडे होते. अनुया पाठमोरी उभी राहून दोरे उलगडू लागली. चौथा तुकडा तिनं भोकाला लावून पाहिला. बसला. पाच आणि नऊ चौदा, म्हणजे चार हवा होता. तिनं शेवटचा आकडा पाहिला. मग पुन्हा पाहिला. चारच होता.

खाली हातगाडी थांबली. मुबारकचाचा कुणाला तरी मजला विचारत होते.

"काय आहे गं?" कृष्णकांतनं विचारलं.

"आठ," अनुया म्हणाली आणि लाल दोरा पुन्हा तुकड्यावर गुंडाळू लागली. गच्च, एकावर एक, कागद दिसेनासा होईपर्यंत.

सुमतीची कात्री मध्येच थांबली. मग पुन्हा चालू झाली.

कृष्णकांतनं चष्मा काढून खाटेवर ठेवला.

"चहा टाक," तो म्हणाला. "चाचा एवढ्या लांबून गाडी घेऊन आलेत, रिकामेच परत जायचेत."