विहिरीत सोडलेले जीव

काशीगावातल्या आमच्या विहिरीत काय आहे ते नाकालाच कळायचं. शेजारच्या शेडमध्ये एकजण केमिकलचे ड्रम धुवायचा. तो गेला, पण जमिनीत मुरलेलं विष पाण्यात झिरपत राहिलं. माझा दीर योगेंद्र म्हणाला, विहीर बुजवून पार्किंग करू. ते ऐकून सासरे, म्हणजे बाळाबाबा, जेवायचेच बंद झाले. माणूस महाहट्टी, पण या बाबतीत मी त्यांच्याच बाजूची.

शेवटी पूनम सागर सोसायटीत राहणाऱ्या, जिवाणूंवर संशोधन करणाऱ्या क्षितिजा मॅडम आल्या. त्यांनी विहिरीच्याच तळाचा गाळ नेला, त्यातले विष खाऊन जगणारे जिवाणू लॅबमध्ये वाढवले आणि परत पाण्यात सोडले. योगेंद्रने अट घातली, दिवाळीआधी पाणी तपासणीत पास झालं तर विहीर राहील, नाहीतर डंपर येईल. बाबांनी शब्द दिला.

बाबा रोज वाकून वास घ्यायचे. "खातायत गो," मला कौतुकाने सांगायचे, घरची गुरं असावीत तसं. वास खरंच कमी झाला, बाबांचं जेवण वाढलं. कित्येक वर्षांनी विहिरीची पूजा करायचंही ठरलं.

पूजेच्या आदल्या दिवशी मॅडम तपासणीला आल्या. बादलीतल्या पाण्याचा वास घेताच त्यांचा चेहरा उतरला. "यात कोणीतरी ब्लीचिंग पावडर टाकलीये. जिवाणू मेले असणार."

माझं डोकंच फिरलं. "भावोजी, लाज कशी वाटली नाही?"

"वहिनी, आईशपथ, मी नाय टाकली!" योगेंद्र ओरडत राहिला. कोणाला पटेना. मॅडम म्हणाल्या, कोणी मुद्दाम केलं असेल तर ही तपासणी धरू नका, पुन्हा मुदत द्या. मला मनातून बरंच वाटलं.

तेवढ्यात बाबा पुढे आले. "त्यानं न्हाय. मी टाकली. पूजेचं पानी साफ नको? आधी दर साली टाकायचो."

गप्प बसा म्हणून मी डोळ्यांनी खुणावत होते. एवढं बोलले नसते तर विहीर वाचली असती. मला त्यांचा संताप आला आणि त्या संतापाची लाजही वाटली.

"समदे मेले?" त्यांनी मॅडमना विचारलं.

"बहुतेक, काका."

बाबा कठड्यावर बसले. "माझ्या भरवशावर सोडलेले तुम्ही ते जीव." मग योगेंद्रकडे न बघता म्हणाले, "शब्द दिलाय. बोलव तुझा डंपर."

योगेंद्रने फोन लावला. "गाडी नको पाठवू," तो म्हणाला. "नाय, उद्या पण नको."

फोन खिशात टाकून तो बापाशेजारी कठड्यावर बसला. मग म्हणाला, "मॅडम, गाळ परत किती लागेल?"