सकाळचे दोन

शीर्षकाच्या शेवटी एक बारीक चांदणी छापली होती, फार तर दीड मिलिमीटरची. पानाच्या तळाशी मात्र तिची टीप नव्हती. शालेय वाचनमालेतली ही गोष्ट, नाव ‘चुकलेली गाडी’, खाली ‘लेखक अज्ञात’. म्हणजे आधीच्या एखाद्या आवृत्तीत इथे काही माहिती होती आणि ती गळली, असं अनुमान मी काढलं.

गोष्ट माझ्या आत्याची आहे. एक बाई सकाळच्या बसने नवऱ्याचं घर सोडते आणि परत येत नाही, एवढीच. आत्याने ती तरुणपणी लिहिली, लुगांडा भाषेतल्या एका साप्ताहिकात छापून आली, आणि घरातला अंक वाळवीने खाल्ला. आता वाचनमालेची नवी आवृत्ती निघते आहे. संपादक म्हणाले, शुक्रवारपर्यंत मूळ छापील पान दाखवा. नाव घालतो, शीर्षकही बदलतो. नाहीतर पुढची दहा वर्षं अज्ञातच. आत्या एक्याऐंशीची आहे.

“नाव घालायचं ना पण?” मी विचारलं.

“आधी सापडू दे,” कच्ची केळी सोलत ती म्हणाली. आतोबा जाऊन नऊ वर्षं झाली, तेव्हापासून हेच उत्तर.

“आणि गोष्टीचं खरं नाव?”

“‘दोन वाजता’. बस दोनला सुटायची.”

मी कॉफीच्या रोगांवर काम करते. नमुने क्रमाने तपासायची सवय आहे. कंपालातल्या जुन्या अंकांच्या संग्रहात मी दोन दिवस सूचीची कार्डं पाहिली. कार्डं इंग्रजीत, फक्त शीर्षकांची. लेखकांची सूची कधी झालीच नव्हती. ‘दोन’ने सुरू होणाऱ्या गोष्टी अकरा. अकराही अंक काढून पाहिले, आत्याची एकही नाही.

तिसऱ्या दिवशी संग्रह सांभाळणारे सेबुलिबा खुर्ची ओढून समोर बसले.

“न्याबो,” बाईंना आमच्याकडे आदराने असंच म्हणतात, “बस सकाळची की दुपारची?”

“सकाळची. दोनची.”

“मग इंग्रजीत कार्ड करणाऱ्याने काय लिहिलं असेल?”

मी ‘दोन’च्या कार्डांकडे बोट दाखवलं.

“अहो शिकलेल्या बाई! घरी दोन म्हणता, प्रयोगशाळेच्या वहीत आठ लिहिता. त्यानेही तेच केलं असणार ना?”

आमच्याकडे तास उजाडल्यापासून मोजतात. मी रोज न चुकता सहा मिळवते. त्या दोन दिवसांत एकदाही मिळवले नव्हते.

‘आठ वाजता’ची चार कार्डं निघाली. सूची करणाऱ्याचं नाव कुठेच नाही. पण प्रत्येक कार्डामागे त्याने गोष्टीचं पहिलं वाक्य मूळ लुगांडात पेन्सिलीने उतरवलं होतं. कोणी सांगितलं नसताना, बहुधा. तिसऱ्या कार्डामागे होतं: ‘तिने चूल विझवली आणि राख सारखी केली.’ हे वाक्य आत्याच्या तोंडून मी लहानपणी कितीदा ऐकलं होतं.

सेबुलिबांनी न विचारता चहा आणि भाजलेले दाणे आणले.

“रडताय की हसताय?”

“आभार मानतेय. कोणाचे ते माहीत नाही.”

“तोवर माझे माना. मी समोरच आहे.”

मी मानले, अगदी मनापासून.

गुरुवारी पानाची प्रत घेऊन आत्याकडे गेले. ती भिंग लावून वाचत बसली.

“किती बारीक छापायचे मेले!” मग बोट एका ठिकाणी थांबलं. “ही तारीख बघ.”

मार्च १९६१. तिचं लग्न त्रेसष्टचं.

“लोक म्हणाले असते, नवऱ्यावरच लिहिलंय. चांगला माणूस होता गं. आता कोणी त्याच्याकडे बोट दाखवणार नाही.”

“मग संपादकांना काय सांगू? नालोंगो लिहायला सांगू?” जुळी झाल्यापासून तिला सगळे नालोंगोच म्हणतात, जुळ्यांच्या आईला आमच्यात मूळ नावाने कोणी हाक मारत नाही.

तिने भिंग खाली ठेवलं.

“नालोंगो नको. ही लिहिली तेव्हा मी कोणाचीच आई नव्हते. युनिया नांपीमा. तसं छाप म्हणावं.”